पोचल्याशिवाय केर नाही

आई, मी पोचले. नाशिकच्या अलीकडं एका डेअरीच्या बाकावर बसलेय. दूध घालणाऱ्यांची गर्दी ओसरली की इथलं दुधाचं फॅट मोजायचं मशीन दुरुस्तीला उघडायचंय. तू असतीस तर पहिलं वाक्य ऐकूनच फोन ठेवला असतास. पुढचं काही तुला नकोच असायचं. "पोचलीस ना? मग ठेव, केर काढायचाय मला," एवढंच म्हणायचीस. जेवलीस का, हेसुद्धा विचारायची नाहीस, आणि मी आपली फोन हातात धरून हसत बसायचे.

घरचं माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही, हे आपल्याकडं घरोघरी पाळतात. पण बाकीच्या बायका माणूस रस्त्याला लागलं की केरसुणी हातात घेतात. तुझं तसं नव्हतं. माणूस पोचल्याशिवाय केर नाही. बाबा बैल घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला जायचे तेव्हा एखादा टेम्पोवाला निरोप आणीपर्यंत घर तसंच पडून असायचं. पुढं मी या नोकरीला लागले आणि तुझी पंचाईत झाली. आज संगमनेर, उद्या श्रीगोंदा, परवा सोलापूर. माझ्या पायाला भिंगरी आणि वारूळवाडीचं आपलं घर सदा पसरलेलं. लग्न होऊन मी मंचरला गेले, तिथून निघायला लागले, तरी तू आपली तिकडं केरसुणी कोपऱ्यात उभी करून बसायचीस.

दादाचं लग्न जमायच्या वेळचा तो दिवस आठवतो का? मुलीकडची माणसं घर बघायला यायची होती, आणि मी सकाळीच संगमनेरला गेलेली. तिथं मशीन काही केल्या सुरू होईना. फोन पिशवीत, पिशवी टेबलाखाली, आणि मी मशीनमध्ये डोकं घालून बसलेली. इकडं पाहुणे दारात आले तरी घरात कांद्याची फोलपटं, चुलीपुढं भाताची शितं. बाबा हात जोडून विनवत होते म्हणे, निदान बाहेरची खोली तरी झाडून घे. तू ढिम्म. उलट पाहुण्यांनाच सांगितलंस, "लेक गावाला गेलीय, पोचल्याचा फोन न्हाई आला अजून. राग मानू नका." दादा पार घामाघूम. मग मुलीची आई फोलपटं बाजूला सारून खाली ऐसपैस बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "द्यायला हरकत न्हाई हितं. पोरीची वाट बघणारं माणूस हाय या घरात."

संध्याकाळी मी फोन केला तेव्हा लग्न ठरलेलं होतं. मशीन अडलं होतं म्हणून सांगितलं, आणि मला वाटलं आता चांगलीच खरडपट्टी निघणार. तू म्हणालीस, "मशीन झालं का सुरू?" मी हो म्हटलं. "मग आता केर काढते," म्हणालीस आणि फोन ठेवलास. खरडपट्टी मी घरी आल्यावर निघाली, तीही भरल्या ताटावर.

आज तुला लिहायचं कारण वेगळंच आहे. साहेब म्हणतात, फिरणं पुरे झालं, आता नारायणगावच्या ऑफिसात खुर्ची घ्या. जेवायच्या सुट्टीपर्यंत उत्तर द्यायचंय. खुर्ची वाईट नाही गं. पोरीचं गॅदरिंग मी मोबाईलवर बघितलं, त्यातही निम्मा वेळ ह्यांचा अंगठाच दिसत होता. ती तापानं फणफणली होती तेव्हा मी सोलापुरात होते. त्या रात्री उशाशी वहिनी बसली, मी नाही. तिच्या एका वाढदिवसाला मला घरी पोचायला जमेना, तर बापलेक मोटारसायकलवरून आळेफाट्याला आले. माझी पुढची बस यायच्या आत हॉटेलच्या टेबलावर आम्ही केक कापला. वेटरपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांना वाटला आणि आम्हालाच उरला नाही. पोरीच्या मते तिचा तोच वाढदिवस सगळ्यात भारी.

काल तिलाच विचारलं. म्हटलं, मी आता रोज घरी आले तर? ती म्हणाली, "मम्मी, तू जा. तू न्हाई तवा आठवण येती, पण आलीस की लई भारी वाटतं. रोज घरी बसलीस तर नुसती आमच्यावर करवादशील." वर आणखी, मी गेले की केर काढायची कटकट नसते, आजीचा नियम आहे, म्हणाली. फोन आल्यावरही ती तो नियम तासभर लांबवते, हे ह्यांनी मला गुपचूप सांगितलं.

तुझा नियम आमच्या घरी कसा आला, ते तुला कुठून माहीत असणार. तू गेलीस त्या दिवशी तुला घेऊन माणसं नदीकडं निघाली आणि बायका लगेच घर धुवायला उठल्या. एकीनं केरसुणी उचलली. वहिनीनं, त्याच फोलपटांच्या घरात दिलेल्या पोरीनं, ती तिच्या हातातनं काढून घेतली आणि म्हणाली, "थांबा जरा. पोचू द्या आईंना." पुरुष परत येईपर्यंत ती केरसुणी मांडीवर घेऊन उंबऱ्याजवळ बसून राहिली. मी रडत होते, आणि त्यातही मला तुझं कौतुक वाटत होतं, की केवढी माणसं जमवलीस तू त्या न काढलेल्या केरावर. तेव्हापासून मंचरलाही मी पोचल्याचा फोन आल्याशिवाय केर निघत नाही.

गर्दी ओसरली. डेअरीवाल्यानं चहा पाठवलाय, आलं घातलेला. तू अख्ख्या आळीला सांगायचीस, पोरीचे लई हाल व्हतात म्हणून, आणि मी ते कधी खोडलं नाही, कारण हाल म्हटलं की डब्यात दाण्याचे लाडू वाढायचे. हाल नव्हते गं. खिडकीची जागा, अनोळखी गावातला चहा, बंद पडलेलं मशीन सुरू झालं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर येणारं हसू, हे मला आवडतं. मला जायला आवडतं, आई. साहेबांना नाही म्हणून कळवते.

आणि हो, घरी अजून फोन केलेला नाही. पोचल्याचं आधी तुला सांगायचं होतं.