नाताळच्या पानावरून उठताना

व्हिएन्ना, २१ नोव्हेंबर १९७७

ती. आईस,
ओतमारचा शि. सा. न. वि. वि.

खोली उबदार आहे, कॉफी उत्तम आहे. नावाने हाक मारणारं मात्र कुणी नाही. पाववाली बाई मला डॉक्टरसाहेब म्हणते आणि मी मागे वळून बघतो.

आपल्या सरकारने मला सीमेबाहेर काढलं तेव्हापासून इथल्या परराष्ट्र खात्यातले लाइटनरसाहेब दर आठवड्याला केक घेऊन भेटायला येतात. भला माणूस. प्रागशी त्यांची बोलणी चालली आहेत. मी इथल्या रेडिओवरून तिकडे बोलतो ते थांबवलं, तुरुंगातल्या रादिमचं नाव काढलं नाही, तर नाताळला तुला इथे येऊ देतील म्हणतात. मी हो म्हटलंय. हे पत्रही त्यांच्याच वकिलातीच्या थैलीतून येतंय, वाटेत कुणी उघडणार नाही. नाताळच्या जेवणाचा मासा मी आपल्या रीतीप्रमाणे आधीच जिवंत आणून न्हाणीतल्या टबात सोडीन. तू फक्त ये.

तुझा ओतमार

ब्रनो, ६ डिसेंबर

चि. ओतमार यास अनेक आशीर्वाद.

परवाना आला. आणणारा इतका गोड बोलत होता, की मला वाटलं, कुणी गेलं की काय! तुला बघायला जीव किती तुटतो, ते लिहीत नाही. हृदय आता जिन्यातच थांब म्हणतं. पुढचा नाताळ कुणी पाहिलाय?

पण वरची क्वेता रोज संध्याकाळी माझा रेडिओ ऐकायला येते. तुझे लेख टाइप केले म्हणून तिचा नवरा रादिम आत आहे. जानेवारीत खटला. बाहेर नाव गाजलं तर इथले हात जरा आखडतात, ही तिची आशा. काल विचारत होती, काकू, ओतमारचा घसा बसलाय का हो? मी चहातली साखर ढवळत राहिले. साखर घातलीच नव्हती.

लहानपणी नको तिथे बोलायचास, गाढवा. केक खा, पण तो तोंडात धरून बसू नकोस.

तुझी आई

व्हिएन्ना, १६ डिसेंबर

ती. आईस सा. न.

नाताळच्या संध्याकाळी रेडिओवर बोलतोय. लाइटनरसाहेब रागावले नाहीत. तुमच्या आईंचा परवाना आता टिकायचा नाही, आणि थैलीतलं हे शेवटचं पत्र, एवढंच म्हणाले. केक ठेवून गेले.

मासा टबात फिरतोय. आता मारवत नाही. त्याच्याशीच आपल्या भाषेत बोलतो.

ओतमार

ब्रनो, २७ डिसेंबर

चि. ओतमार यास अनेक आशीर्वाद.

परवाना परत नेला. म्हणून हे साध्या पोस्टाने. वाटेत पाकीट उघडणाऱ्या साहेबांनाही आशीर्वाद, पण बंद करताना डिंक नीट लावा.

पानावर क्वेता आणि मी, दोघीच. आपला नेम तुला ठाऊक आहे: नाताळला सगळ्यांचं होईतो उठायचं नाही. आधी उठेल तो पुढच्या वर्षी पंक्तीत नसतो. गेल्या वर्षी दारावरची घंटा वाजली आणि तू उठलास. म्हणून यंदा सूप, मासा, बटाटे, सगळं हाताशी मांडलं. रेडिओ तेवढा कपाटावर राहिला!

तुझा आवाज आला आणि लगेच ती नेहमीची सरकारी खरखर. क्वेता उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. म्हटलं, तुला अजून नवऱ्याची वाट बघायचीय, पोरी. आणि मीच उठले, आवाज मोठा केला.

रादिमचं नाव अगदी स्पष्ट ऐकू आलं.

जपून राहा, लोभ असू दे.

तुझी आई