ओटा कसा खचला

आदरणीय ताईंस,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (जमेल तितकं वाकून, कारण पुढे येईलच). तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या बहिणीची तब्येत मी विचारत नाही, कारण विचारायचं नाही असं ती जाताना बजावून गेली आहे. तिला तुमच्याकडे येऊन अडीच महिने झाले.

मी प्रयोगशाळेत अजून दगडच फोडतो. म्हणजे दगडाच्या कांड्या कापायच्या, काही कोरड्या ठेवायच्या, काही आठवडाभर अ‍ॅसिडात बुडवायच्या आणि मग यंत्रात दाबून कोण किती भार सोसतं ते वहीत लिहायचं. कोरडी कांडी फाडकन फुटते. अ‍ॅसिडातली वरून धडधाकट दिसते, वजनही चिमूटभरच घटतं, पण निम्म्या भारालाच मुकाट्याने खचते. आठ वर्षं हेच मोजणारा माणूस घरी काय करतो? तर बायको परतेल तेव्हा ओटा चकाचक दिसावा म्हणून दर रविवारी त्या संगमरवरावर अ‍ॅसिड ओततो! फेस आला, डाग निघाले, मी स्वतःवरच खूश. बेसिनपाशी एक बारीक चीर होती, तिच्यात ते मुरत राहिलं. गेल्या रविवारी वरच्या फळीवरचं तिचं काचेचं सामान पुसून ठेवावं म्हणून (बुद्धी सुचते ती अशी) मी ओट्यावर चढलो आणि ओट्यासकट खाली आलो. साहेबांनी कंबरेची चौकशी केली नाही, तुकडे तपासायला मागवले.

कंबर शेकत पडलो तेव्हा घर खायला उठलं. ताई, आमचं मोठं भांडण असं एकही झालं नाही हो. मी रोज काहीतरी खोचक बोलायचो, ती हसून सोडून द्यायची. मला वाटायचं, चाललंय की छान. तिची फार आठवण येते.

आपला,
मेहुणा

ता. क. : अ‍ॅसिडाचं तिला सांगू नका. ओटा जुना होता, खचला, एवढंच सांगा.

आणखी एक ता. क. : ताई, इथून पुढे तुम्ही वाचू नका, पत्र तिच्या हातात द्या. (अ‍ॅसिडाचं कळेल. कळू दे.) अगं, गवंडी विचारतोय, नव्या ओट्याची उंची किती ठेवू. मागच्या वेळी मी माझ्याच मनाने सांगितली आणि तू नऊ वर्षं टाचा उंचावून स्वयंपाक केलास. तू एकदाही बोलली नाहीस, मी एकदाही पाहिलं नाही. मी त्याला थांबवून ठेवलंय. तू येऊन उभी राहा, तुझ्या हाताला जिथे बरोबर येईल तिथे खूण करू.