दोन आरांनी मोठा

मु. खैरवाडी, पो. जाम
दि. २ मे १९८१

तीर्थस्वरूप सौ. देवकाबाईस,

धाकटा बंधू वासुदेव याचा पाया पडून नमस्कार. इकडे माणसं, ढोरं व मी खुशाल असून तिकडे अल्लीपुरास आपण व भाऊजी सुखरूप असाल असे समजून लिहितो. (शाळेत शिकवलेली भाषा इथवरच पुरली. पुढं घरचीच चालवतो, नाईतर तू म्हणशील हे पत्र कचेरीतून आलं.)

भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पोळ्याले तुमच्या गावचा एक जण जामच्या फाट्यावर भेटला. तो म्हणे, यंदा भाऊजींनी बैल बसल्याबसल्याच पुजले. तेव्हापासून विचारायचं मनात होतं. सहा वर्षं माझं पत्र नाई म्हणून तू रागावली असशील, अन् तुझं रागावणं बरोबर आहे. तीनदा लिहायले बसलो, तीनदा तुझ्या भावजयीनं, सुमित्रानं विचारलं, काय लिहून राह्यले, अन् तिले सांगण्यासारखं काही निघालं नाई. यंदा मात्र निघालं. सांगण्यासारखं एवढं निघालं की कोणती गोष्ट आधी सांगू हेच समजून नाई राह्यलं. म्हणून विहिरीपासून सुरू करतो.

आपल्या वावरात आम्ही विहीर काढून राह्यलो. दोन उन्हाळे झाले, मी, सुमित्रा अन् दोन गडी. बावीस हात खाली गेलो, ओल लागली, मातीचा वास बदलला. सुमित्रानं वरून हळदकुंकू टाकलं, अन् दुसऱ्याच दिवशी काळा दगड लागला. पहार मारली तर पहार वाजते, दगड काही हालत नाई. आता सुरुंग लावल्याशिवाय पुढं जाता येत नाई. अन् हा दगड पावसाळ्याआधी फुटला नाई, आतून बांधकाम झालं नाई, तर आपली काळी माती तुले माहीतच आहे. दोन नक्षत्रं बरसली की कड ढासळते अन् सगळं बुजते. मी आता पन्नाशीले आलो, पुन्हा बावीस हात खणणं माझ्यानं होणार नाई. कपाशीची पऱ्हाटी दर साली ऐन बोंडं धरायच्या वेळेले सुकते. म्हणजे विहिरीचं काम किती निकडीचं आहे ते समजून घेजो.

अशात ग्रामसेवक चावडीवर सांगून गेला की लहान शेतकऱ्याच्या विहिरीले सरकार सुरुंग लावून देते अन् बांधकामालेही हातभार लावते. लहान म्हणजे किती, तर पाच एकरापर्यंत. मी म्हटलं, हा माणूस माझ्याकडं पाहूनच बोलून राह्यला. बाबांचं वावर पाच एकर, ना कमी ना जास्त. लगेच कागद घेऊन तलाठीसाहेबांकडं गेलो. (भला माणूस आहे, पण चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधते.) त्यायनं सातबारा खालून वर पाह्यला, वरून खाली पाह्यला अन् म्हणे, वासुदेवराव, तुमी तर मोठे शेतकरी आहात. बाई, मले आजवर कोणीच मोठा म्हटलं नव्हतं, माझ्या लग्नात सुद्धा नाई. घटकाभर बरंच वाटलं. मंग विचारलं, काऊन?

तर असं झालं की सरकारनं मधल्या काळात एकर सोडून हेक्टर धरलं. आपल्या पाच एकराचे होतात दोन हेक्टर दोन आर. अन् वरून आलेल्या कागदात लिहिलं आहे, दोन हेक्टरपर्यंत लहान. म्हणजे मी एकरात लहान अन् हेक्टरात मोठा. मी म्हटलं, साहेब, वावर तर तेच आहे, बैलही तेच आहेत, एकरातच मोजा ना. ते म्हणे, एकराचा रकाना आता छापूनच येत नाई.

मले तुझ्यासारखा गप्प बसायचा स्वभाव नाई. माणूस ज्याच्यानं मोठा होते ते दोन आर असते तरी केवढे, हे पाहायचं एकदम मनात आलं. घरी आलो, दोरी घेतली अन् रस्त्याकडच्या कोपऱ्यात मोजून पाह्यलं. एकतीस हात लांब अन् एकतीस हात रुंद, बस. त्यात काय काय आलं, तर गोठ्याचा अर्धा भाग, शेणखताचा ढीग, कवठाचं झाड, सुमित्राचे वालाचे वेल अन् एक खुंटा. मी मधोमध उभा राहून चारी बाजूंनी पाह्यलं, यातलं नेमकं कोणतं मले मोठा करून राह्यलं म्हणून. बैल रवंथ करत बसला होता. तो अर्धा लहान शेतकऱ्याकडं अन् अर्धा मोठ्याकडं बसला होता, पण त्याले काही फरक पडला नाई.

मंग विचार केला, एवढंच जास्त आहे तर देऊन टाकू. कोणाले द्यावं, तर धुऱ्याशेजारचा, आपल्या बांधाले लागून वावर असलेला डोमाजी. (तुले आठवत असेल, धुऱ्यावरच्या पळसाखाली त्याचं अन् बाबांचं काय काय बोलणं व्हायचं. बाबांनंतर ते बोलणं मी चालवलं. डोमाजी वखर हाणताना दरसाली आपला धुरा खाते, हे मी पंधरा साल त्याले तोंडावर सांगत आलो.) त्याच डोमाजीच्या दारात जाऊन म्हटलं, दोन आर वावर फुकट घे. त्यानं आधी माझ्याकडं पाह्यलं, मंग घरात जाऊन बायकोले घेऊन आला अन् मले पुन्हा म्हणायले लावलं. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी विचारून गेला की याले ताप तर नाई. पण शेवटी तयार झाला. दोघं मिळून तलाठ्याकडं गेलो, पंधरा सालात पहिल्यांदा एका रस्त्यानं. साहेब म्हणे, देता येत नाई. एवढासा तुकडा पाडायले कायद्यानं बंदी आहे. बाई, मी हे घरी येऊन चारदा मनाशी म्हणून पाह्यलं. दोन आर मले मोठा करायले पुरते, पण कोणाले द्यायले पुरत नाई. यातला कोणता कायदा आधी झाला, अन् दुसरा करताना पहिल्याले कोणी विचारलं होतं का, हे मले अजून समजलं नाई. तुमच्या गावात कोणाले माहीत असेल तर विचारून ठेवजो.

आता पुढची गोष्ट मी कोणाच्या सांगण्यावरून नाई केली, माझ्याच डोक्यानं केली. (सुमित्रा हे वाक्य दोनदा लिहा म्हणते.) मी म्हटलं, डोमाजीनं पंधरा साल आपला धुरा खाल्लाच आहे. म्हणजे दोन काय, चार आर त्याच्या पोटात गेलेच असतील. सरकारी मोजणी बोलवू. ते कागदावर चढलं की मी आपोआप लहान. आयुष्यभर ज्याच्या नावानं बोटं मोडली त्याच्या चोरीचा मले पहिल्यांदा आनंद झाला. डोमाजीही म्हणे, मोजून टाक एकदाचं.

पऱ्हाटीच्या काड्या उपटून वावर मोकळं झालं तसा मोजणीवाला साखळी घेऊन आला. अर्धं गाव धुऱ्यावर. नाल्याकडच्या जुन्या दगडापासून साखळी निघाली ती पळसाकडं आली. मी डोमाजीकडं पाह्यलं. साखळी पळसाच्या पुढं गेली. मले वाटलं, पुढं जाऊन मागं फिरेल. ती फिरली नाई, आपल्या वावरात शिरली अन् विहिरीच्या रोखानं चालली. सुमित्रा विहिरीच्या काठावर जाऊन उभी राह्यली, जशी काई साखळी तिले पाहून थांबेल. अन् खरंच थांबली, तिच्यापासून चार पावलांवर. तिथं मोजणीवाल्यानं निशाण रोवलं अन् म्हणे, इथपर्यंत डोमाजींचं.

पाच आर निघाले. डोमाजीनं आपलं खाल्लेलं नाई, आपण त्याचं खाल्लेलं. अन् आपण म्हणजे कोण, वखर तर मीच हाणतो. धुऱ्याशी वळताना बैल दोन पावलं पुढं जाते, ते पावलं मी कधी मागं घेतले नाई, एवढंच. ते मले दिसलंच नाई, अन् डोमाजीचे मात्र रोज दिसत होते. मले लय लाज वाटली, बाई. डोमाजीनं टोपी काढली, पळसाखाली बसला अन् डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मंग म्हणे, "वासुदेवा, पंधरा साल तू चोर-चोर म्हणत होता, तो तुझ्याच बैलावर बसला होता." संध्याकाळी त्याच्या घरून ताकाचा गडवा आला. मी प्यालो अन् गडवा घासून स्वतः परत नेऊन दिला.

वरून तलाठीसाहेब म्हणे, ते पाच आर तुमच्या सातबारावर कधी नव्हतेच, मंग कमी कुठून होतील? म्हणजे वावरातून पाच आर गेले, कागदावर दोन हेक्टर दोन आर जसेच्या तसे. वावरात लहान झालो तरी मी मोठाच राह्यलो. सरकारच्या मोजणीनं वावर कमी होते, मोठेपण काही कमी होत नाई, असंही मनात येऊन गेलं.

असो. पत्राचं तसं काही कारण नाई. सख्ख्या बहिणीले मनातलं सांगावं म्हणून लिहिलं. भाऊजींच्या गुडघ्याले एरंडाचं पान गरम करून बांधजो.

तुझा धाकटा,
वासुदेव

ता. क. – मी कचेरीतून निघता निघता तलाठीसाहेब म्हणे, तुमाले बहीण नाई का? मी म्हटलं, आहे, अल्लीपूरले. ते म्हणे, मंग तिचं नाव वारस म्हणून सातबारावर चढवा, वावर दोघांत धरल्या जाईल अन् दोघंही लहान. बाबा गेले तेव्हा तू हक्क सोडल्याची सही केली होती, पण आता मी राजीखुशीनं अर्ज केला तर चालते म्हणे. तर पंधरा तारखेच्या आत एकदा येऊन जाजो. विहिरीवाल्या लहान शेतकऱ्यांची यादी त्या दिवशी बंद होते. नाव कागदापुरतंच आहे, बरं का.

दुसरा ता. क. – कागदावर तुझ्या नावापुढं अर्धं लिहून येईल. घाबरू नको. मी घाबरलो तेवढं पुरे.

ताई, मी सुमित्रा. मी आता लिवते, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली. पाकीट चिकटवाले मायाजवळ देलं म्हणून सारं वाचलं. यायनं एक गोष्ट लिवली नाई. तुमी सही करायच्या आधी कवठाखालची जागा मागतली होती, मामंजींनं तुमच्या जन्माच्या साली लावलेलं झाड म्हणून. हे म्हणाले, वावराचे तुकडे होते. ते कवठ त्या दोन आरातच आहे. तेव्हा तुमचं नाव राहू देलं असतं तर आज आमी लहान असतो, अन् विहिरीले पाणी असतं. तुमी या. पण कागदापुरत्या येऊ नका. सही कवठाखाली बसून करा, अन् जे तुमच्या नावावर चढन ते तुमचंच राहीन, असं मी यायले आत्ताच सांगतलं. ते आयकून हे उठले अन् दोरी घेऊन वावरात गेले, अर्धं केवढं असते ते पाहाले.