डाळ वाढली

ती. आईस,

तुला नमस्कार, आणि तुझ्या फडताळातल्या डब्यांनाही.

माझं स्वयंपाकघर आता लागलं. डाळी खालच्या फळीवर, हरभरे-वाटाणे वरच्या. खोलीतली मैत्रीण दूध-तूपही खात नाही, म्हणून फोडणी तेलाची आणि दह्याच्या जागी चिंच. तू नाक मुरडशील, पण रस्सा झकास होतो. मी उपाशी नाही, काळजी करू नकोस.

फजिती एकदाच झाली. सवयीने मी तिला म्हटलं, "डाळ वाढलीय गं." ती बाजारातून सगळं घेऊन आली, डाळ सोडून. विचारलं तर म्हणाली, "वाढलीय म्हणालीस ना? मग आणखी कशाला आणू?" तिच्या घरी संपलं की सरळ संपलं म्हणतात. मी तिला सांगितलं, आमच्या आईचा डबा रिकामा झाला तरी 'संपला' हा शब्द तिच्या तोंडून निघत नाही, ती 'वाढला' म्हणते. त्या दिवशी भात आणि दाण्याच्या कुटावर भागवलं, आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. "माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या वाढल्यात," असं लिहिलंयस.

म्हणजे डॉक्टरांनी वाढवल्या, की डबीतल्या संपल्या? फोनवर विचारलं तर तू 'सगळं बरं आहे' म्हणून मोकळी होशील, म्हणून लिहितेय. बाबांचा गुडघा कसा आहे? दादा औषधाच्या दुकानात जातो ना?

संपल्या असतील तर आजच आणायला सांग. आणि आई, एवढ्या एका बाबतीत 'संपल्या' असंच लिहीत जा. काही अशुभ होत नाही.

तुझी,
धाकटी