सेफ्टी डोअर

१५ जून १९८७, सोमवार

आज ऑर्डर हातात पडली. विद्यापीठाच्या ठाण्यातल्या विज्ञान केंद्रात ‘आरोग्य व सुरक्षा अधिकारी’ म्हणून स्टोअर्सचे हेडक्लार्क श्री. गोपीनाथ परब यांची नेमणूक. म्हणजे माझी. भोपाळ झाल्यापासून वरून सारखी परिपत्रकं येत होती, केंद्रात एक सेफ्टी ऑफिसर नेमा म्हणून. डायरेक्टर साहेब म्हणाले, परब, किल्ल्या तुमच्याकडेच असतात, तर हेही तुम्हीच बघा. इतक्या वर्षांत माझ्या किल्ल्यांची पहिल्यांदाच कोणी दखल घेतली. गहिवरून आलं. पगार तोच, पण ‘अधिकारी’ हा शब्द आहे.

परिपत्रकामागे इंग्रजीत जबाबदाऱ्यांची बरीच पानं जोडली आहेत. वरवर चाळली. सुरक्षा म्हणजे काय हे मला कोणी इंग्रजीतून शिकवायला नको.

आरोग्याची सुरुवात स्वतःपासून. उद्यापासून पहाटे वर्तकनगर ते उपवनच्या तळ्यापर्यंत चालत जायचं. बटाटेवडा बंद.

१६ जून

चपलेचा अंगठा तुटला. चालणं उद्यापासून.

केंद्राची पाहणी केली. धक्का बसला. आगीची लाल नळकांडी भिंतीवर उघडी टांगलेली, कोणीही उचलून न्यावीत अशी. वाळूच्या बादल्या बाहेर पॅसेजमध्ये. औषधांच्या पेटीला कुलूप नाही. केमिस्ट्रीच्या लॅबला तर मागे एक अख्खं दार, ते मागच्या आवारात उघडतं, आणि पोरं तिथून चहाच्या टपरीवर सटकतात. उद्या स्पिरिटची बाटली त्याच वाटेने सटकली तर जबाब कोण देणार. दौलत वॉचमनला विचारलं, हे दार कधीपासून उघडं आहे. तो म्हणाला, साहेब, बांधलंय तेव्हापासून.

२२ जून

कुलपं आली. अलीगढची, चांगली जड. नळकांडी आणि बादल्या स्टोअरच्या लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप. औषधांच्या पेटीला छोटं कुलूप. लॅबच्या मागच्या दाराला आतून मोठं. सगळ्या किल्ल्या एका कड्यात घालून कमरेला लावल्या. चालताना छान आवाज येतो. दौलतने आज पहिल्यांदा सलाम ठोकला.

घरी मात्र कदर नाही. सगुणा म्हणाली, गोठ्यातली गाय आल्यासारखं वाटतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्याच केंद्रात, त्याच केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये. त्यामुळे बापाबद्दल काहीही बोलते. पण मनात विचार आला, आता माझी पोर माझ्या कुलपाच्या आत आहे. निर्धास्त झोप लागली.

३ जुलै

केमिस्ट्रीच्या पाटणकर मॅडम ऑफिसात आल्या. मागचं दार उघडा म्हणाल्या. मी म्हटलं, सुरक्षेचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच उघडा. मग त्यांनी बरंच समजावलं. सेफ्टी वेगळी आणि सिक्युरिटी वेगळी, चोर आत येऊ नये ही एक गोष्ट आणि माणूस बाहेर पडू शकावा ही दुसरी. मी शांतपणे सांगितलं, मॅडम, मराठीत दोन्हींना सुरक्षाच म्हणतात. आणि इंग्रजीतच बोलायचं तर आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराला लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर आहे. ते काय आग लागली तर बाहेर पळायला लावलंय? चोरासाठीच लावलंय ना?

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि निघून गेल्या. मी जिंकलो. खुशीत टपरीवर एक वडा खाल्ला. एकच.

१४ जुलै

आज जेवताना सगुणानेही तोच विषय काढला. मॅडमनी पढवून पाठवलेली दिसते. म्हणाली, बाबा, लॅबचं पुढचं दार आहे ना, तिथेच गॅसचे सिलिंडर ठेवलेत. इथरच्या बाटल्याही त्याच बाजूला. पंख्याचा रेग्युलेटर ठिणग्या टाकतो. तिथे काही पेटलं तर आम्ही जायचं कुठून?

मी म्हटलं, पेटेल कशाला. मी आहे ना.

तिने दुसरी पोळी घेतली नाही. सौ. म्हणाली, पोरगी काहीतरी सांगतेय तर ऐका. मी म्हटलं, ऐकतो म्हणूनच ही जागा मिळाली. रेग्युलेटरचं मात्र लक्षात ठेवलं आहे. इलेक्ट्रिशियनला सांगायचं.

१५ जुलै

इलेक्ट्रिशियन रजेवर. त्याच्या खोलीला कुलूप नव्हतं. लावलं.

२९ जुलै

लॅबमधल्या कचऱ्याच्या डब्यातून धूर. पोरं ओरडत आली. मी स्टोअरकडे धावलो. कपाटाची किल्ली पटकन सापडेना, सगळ्या सारख्याच दिसतात. एक लावली, ती औषधपेटीची. दुसरी लावली, ती मुतारीची. तेवढ्यात मॅडमनी ओलं फडकं टाकून विझवलं. म्हणजे विझायचंच होतं. नळकांडं उगाच वाया गेलं असतं.

सगुणाच्या एप्रनला रुपयाएवढं भोक. मी म्हटलं, नवा शिवू.

प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधायची. रविवारी.

२ ऑगस्ट, रविवार

दोरा मिळाला नाही.

९ ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमा. नारळीभात जरा जास्तच झाला. आजच्या दिवसापुरता आरोग्याला अपवाद. दुपारी गाढ झोप लागली. उठून पाहतो तर जुडगा खुंटीवरच होता, पण लॅबच्या मागच्या दाराची किल्ली ओलसर. दातांत हिरवट काहीतरी अडकलेलं. वास घेतला. साबण.

सौ.ला रागावलो, किल्ल्या धुवायच्या नसतात, गंजतात. ती म्हणाली, मी तुमच्या किल्ल्यांना हातही लावत नाही, त्या कमरेला लावून तुम्ही मोरीत जाता. सगुणाला विचारायचं होतं, पण ती स्टेशन रोडला काहीतरी आणायला गेली होती. सुट्टीच्या दिवशीही पोरीला अभ्यासाचीच कामं.

२४ ऑगस्ट

आज ऑफिसात गप्पांत कळलं ते ऐकून हातातला चहा सांडला. चोर म्हणे किल्ली साबणाच्या वडीत दाबतात, तिचा ठसा घेतात आणि स्टेशन रोडच्या चावीवाल्याकडून डुप्लिकेट करून आणतात.

म्हणजे माझ्या घरात, मी झोपलेला असताना, कोणीतरी येऊन ठसा घेऊन गेलं. साधा चोर नव्हे हा. त्याला लॅबचंच दार हवं आहे. टोळी असणार. बाहेरून कोणी आलं असतं तर सौ.ला कळलं असतं, त्यामुळे पद्धत काय वापरली हे अजून उलगडत नाही. पण मी शोधणार. नऊ ऑगस्टची चौकशी आजपासून सुरू.

सगुणाला सावध केलं. म्हटलं, तुमच्या लॅबवर कोणाचा तरी डोळा आहे. ती म्हणाली, बाबा, तुम्ही दमलात, झोपा जरा. किती काळजी करते.

२ सप्टेंबर

रात्रंदिवस विचार करून तोड काढली. कुलूप बदललं तर चोर सावध होईल. जुनं कुलूप तसंच ठेवायचं. बाहेरून सेफ्टी डोअर बसवायचं. चोर माल घेऊन निघताना आतून डुप्लिकेट किल्लीने दार उघडेल आणि पुढे जाळी. अडकला.

आमच्या बिल्डिंगची सेफ्टी डोअर बनवणारा मारुती वेल्डर तयार झाला. कमळाचं डिझाइन टाकतो म्हणाला.

११ सप्टेंबर

पहाटे उठलो आणि उपवनपर्यंत चालत गेलो. पहिल्यांदाच, पण गेलो. फार प्रसन्न वाटलं. जाळीच्या नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. एक कमरेला लावली. दुसरी घरात राहिली तर पुन्हा साबणाचा प्रकार, म्हणून तळ्यात टाकली. बुडताना आवाजही झाला नाही.

येताना वडा.

१९ सप्टेंबर, शनिवार

लॅब दुपारी सुटल्यावर सेफ्टी डोअर बसलं. भक्कम दिसतं. कमळ जरा कोबीसारखं झालंय. मारुतीने सिमेंट सुकायला चार दिवस लागतील म्हटलं. मी म्हटलं, चोराला काय माहीत.

कोणालाही सांगितलं नाही. दौलतला फक्त डोळ्याने खूण केली. मॅडमना नाही, सगुणालाही नाही. सुरक्षेत घरचं-बाहेरचं करायचं नसतं.

२१ सप्टेंबर, सोमवार. सकाळ

आज मोठा दिवस. मेहुणा परशुराम कल्याणच्या कॉलेजात क्लार्क आहे, त्याने तिथल्या स्टाफसमोर माझं भाषण ठेवलंय. विषय, ‘सुरक्षा: एक अनुभव’. इस्त्रीचा शर्ट, कमरेला जुडगा. निघताना सगुणा म्हणाली, बाबा, आजच्या दिवस तरी किल्ल्या ठेवून जा ना. म्हटलं, वेडी की काय. किल्ल्यांशिवाय भाषणात उरलं काय. आज लोकल बंद, म्हणून एसटी. स्टँडवर लिहितोय.

त्याच दिवशी. दुपार

कल्याण. भाषण रंगलं होतं. जुडगा वर करून वाजवून दाखवला. मागचे दोघे जागे झाले.

तेवढ्यात परशुराम धावत आला, ठाण्याहून फोन. दौलत बोलत होता. खरखर फार. लॅब म्हणत होता. साहेब चावी, जाळीची चावी, असं सारखं म्हणत होता. मी मोठ्याने सांगितलं, चावी माझ्याकडे आहे, सुरक्षित आहे.

लाइन तुटली.

एसटी मिळेना. मग मिळाली. मुंब्र्याला ट्रक आडवा. उतरून पुढे चालत निघालो. किल्ल्या वाजत होत्या. हाताने दाबून धरल्या.

२२ सप्टेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर. रेग्युलेटरची ठिणगी, म्हणतात. मग इथर. मग पुढचं दार आणि सिलिंडर सगळं एकदमच. पोरं मागे धावली. मागचं दार उघडलं गेलं. माझं अलीगढचं कुलूप कसं उघडलं हे कोणाला सांगता येत नाही, याची चौकशी व्हायला हवी. तर दार उघडलं, आणि पुढे सेफ्टी डोअर. सगळी जाळीला तोंडं लावून उभी होती, दौलत सांगतो. हात बाहेर काढून. टपरीवाल्यांनी आणि त्याने पहार घालून चौकटच भिंतीतून उपटली. सिमेंट ओलं होतं. मारुतीचं काम कच्चं. त्याला जाब विचारणार होतो, पण डोक्यात आलं की पक्कं असतं तर. पुढे लिहवत नाही.

सगळी जिवंत आहेत. तिघं भाजली. त्यातली एक सगुणा.

ती जाळीतून हात बाहेर काढून कुलपाशी झटत राहिली म्हणे. मागून ओढणी पेटली तरी. दौलतला वाटलं तिच्याकडे किल्ली आहे. कुठून असणार. किल्ली तर माझ्या कमरेला होती.

२८ सप्टेंबर

विद्यापीठाची चौकशी समिती आली. मी मुद्दे काढून नेले होते. एक, जाळी होती म्हणूनच मुलांना हवा मिळाली. साधं बंद दार असतं तर गुदमरली असती. म्हणजे सेफ्टी डोअरनेच वाचवलं. दोन, नळकांडी अजून कपाटात सुखरूप आहेत. एकही चोरीला गेलेलं नाही.

कोणीच काही लिहून घेतलं नाही. पाटणकर मॅडमचा हात गळ्यात बांधलेला. त्यांनी एवढंच विचारलं, परब, तुमची मुलगी आत होती हे तुम्हाला माहीत होतं ना? मी म्हटलं, हो, म्हणूनच तर कुलूप.

मला पाणी हवं होतं, पण मागता आलं नाही.

१० ऑक्टोबर

सगुणाला घरी आणलं. निघताना नर्सने एक पुडकं दिलं. त्यात घड्याळ, एक जळकी केसांची पिन आणि एक किल्ली. नर्स म्हणाली, ही मुठीतून सोडवताना फार त्रास झाला, मुलगी सोडेचना.

पितळेची, नवी. घरी येऊन जुडग्यातल्या लॅबच्या किल्लीला लावून पाहिली. दाताला दात.

मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली. अंथरुणावरून, छताकडे बघत. बाबा, तुम्हाला सांगून केली असती तर तुम्ही आणखी एक कुलूप लावलं असतं.

मी लावलंच होतं.

मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडलो. हिरव्या साबणाची वडी समोरच होती. सौ. बाहेरून दार वाजवत होती, आत कडी का लावलीत म्हणून.

नऊ ऑगस्टची चौकशी आज बंद. चोर सापडला. तिला अजून उजव्या हाताने जेवता येत नाही, म्हणून सध्या मी भरवतो.