समुद्रतळावरचे कासव

धरणगाव,
सोमवार, दि. १३ एप्रिल २०२६

श्री. नवल धनसिंग पाटील, धुळे, यांस
झुलाल कौतिक महाजन यांचा नमस्कार.

येथे आम्ही उभयता कुशल आहोत. ऊन फार तापले आहे. आपल्या घरचे क्षेम रूपाच्या आईला फोनवरून रोज समजते, म्हणून वेगळे विचारीत नाही.

आपण पाठविलेली वस्तू पोहोचली. पोच दिली नाही, ही रीत नव्हे. माझ्या मुलीच्या विवाहास मी उपस्थित राहिलो नाही, तेव्हापासून आपल्यात बोलणे नाही, हे आपण जाणताच. परंतु काल घरी जो प्रकार घडला, तो लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

वस्तू लिंबाहून थोडी मोठी, काळी, पाठीवर वळ्या, अंग आवळून घेतलेले. रूपाच्या आईने ती कासव समजून देव्हाऱ्यात ठेविली. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आली म्हणून काल तिने पितळी देव चिंचेच्या पाण्यात घातले, त्यांत हेही घातले. क्षणात फेस! बारीक बुडबुडे सरसर वर येऊ लागले. ती मोठ्याने ओरडली, "अहो, धावा! कासव जित्तं शे! दम ली राह्यनं!"

मी धावलो. माझ्या वयास शोभत नाही, तरी धावलो. कुंपणापलीकडून शेजारचे जब्बारभाई म्हणाले, "आबा, जवाईनी तुमले राखाले जनावर धाडेल दिखस!" एरवी 'जवाई' हा शब्द कोणी काढला की मी उठून आत जातो. काल लक्षातही आले नाही. ओल्या हातात ते धरून मी उभाच होतो.

पुढचे आपणास ठाऊक आहे, कारण तिने रूपाला लावलेला फोन आपणच उचललात. आपण म्हणालात, "आई, घाबरू नका. तो चुनखडीचा आहे, आंबट लागलं की फेसाळतो. ट्रायलोबाइट म्हणतात त्याला, समुद्रातल्या प्राण्याचा जीवाश्म, मोरोक्कोत सापडलेला. चाळीस कोटी वर्षांपूर्वी जिवंत होता."

"कितला कोटी?" ती.

मी तिच्या कानाशी म्हणालो, "विचार त्यांना, मोरोक्कोत वाळवंट आहे, तर समुद्र कुठून आला?" आवाज आपणास स्पष्ट ऐकू जात होता, तरी तिने प्रश्न पुन्हा विचारला, आणि मागे रूपा हसली. ते हसणे मी ओळखले.

काय तो समुद्र सांगितलात आपण! उथळ, कोमट पाणी. तळाशी मऊ चिखल. देठावर डोलणारे, फुलांसारखे दिसणारे प्राणी, आणि त्यांच्यामधून हा चिखल चाळीत चाललेला. डोळ्यांची भिंगेसुद्धा दगडाची, ओळीने बसविलेली! तेव्हा पक्षी नव्हता, गवत नव्हते, कपाशी नव्हती. आपल्या खानदेशचा काळा दगडही अद्याप ओतला गेला नव्हता. आणि त्या तळावरचा जीव माझ्या धरणगावच्या घरात, माझ्या तळहातावर! माझे शिक्षण चौथीपर्यंत. असे काही कोणी मला कधी सांगितलेच नव्हते.

वरून गाळ कोसळला तेव्हा भिऊन त्याने अंग आवळले, असे आपण म्हणालात. तेव्हा मला भान राहिले नाही. मी फोन हिसकावून घेतला आणि विचारले, "मग पुढे गाळ निवळल्यावर तो उलगडला का नाही?"

आपण म्हणालात, "तोवर उशीर झाला होता, आबा."

मी फोन परत दिला. रूपाची आई नंतर म्हणाली, "एक डाव बोलनात ना? जीभ झडनी का?"

आता एक दुरुस्ती. वर मी तिचे नाव लिहिले, ते सत्य नाही. हे कासव आहे, असा निर्णय मीच दिला. देव्हाऱ्यात मीच बसविले. पार्सल आल्यापासून हळदकुंकूही रोज मीच वाहत होतो. चिंचेच्या पाण्यात घालण्यास सांगणाराही मीच. त्यामुळे त्याचा उजवा डोळा धुरकट झाला आहे. आपल्या वस्तूची हानी झाली, याचे वाईट वाटते.

आखाजीस लेकीला माहेरी आणावयाचे तर घरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून तिच्या दारी जावा लागतो. रूपाला भाऊ नाही. चुलतभाऊ दरवर्षी निघण्यास तयार असत, मीच कोणास जाऊ दिले नाही. ती वाट पाहत असे की नाही, हे मी तिच्या आईस कधी विचारले नाही.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने मी स्वतः मुऱ्हाळी म्हणून निघत आहे. दारच्या कडुलिंबाला झोका बांधून झाला आहे. आपणही तिच्यासोबत यावे, ही विनंती. हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे.

चि. सौ. रूपास अनेक आशीर्वाद.

आपला सासरा,
झुलाल महाजन