तुतीवाडीला नेलेला निरोप

पेशावर, लॉरीवाल्यांची सराई
कार्तिक महिना, सन १९४६

वडीलबंधूंच्या ठिकाणी असलेले नाथाजीदादा यांना, राहणार इस्लामपूर पण सध्या परमुलखात अडकलेल्या चांदसाहेबचा सलाम आणि नमस्कार. (दोन्ही लिहिले आहेत. मागच्या पत्रात नुसता सलाम लिहिला तर तुम्ही महिनाभर चावडीवर सांगत होता की चांदसाहेब फौजेत जाऊन शिष्ट झाला.) मी इकडे खुशाल आहे, पोट सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली की तो आधी दुखतो आणि तुम्ही मागाहून बोंबलता, तेव्हा एव्हाना त्याचा आवाज आळीभर गेला असेल. रंगूवहिनींनी सांगितलेला हिंग घेतला आहे. पिशवी लॉरीच्या सीटखाली ठेवली होती, त्यामुळे आता लॉरी विकायची झाल्यास गिऱ्हाईक फक्त आचारीच मिळेल.

हे पत्र जन्नतबी चाचींना वाचून दाखवायचे आहे. त्यांना तुमच्या ओट्यावर बोलावा, आधी चहा द्या आणि सावकाश वाचा. तुम्ही दुसऱ्यांची पत्रं वाचताना कंटाळवाणी वाक्यं गाळता, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. यातलं एकही गाळू नका. चाचींचं मन या पत्राकडे लागलेलं आहे.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, म्हणजे चाचींना ऐकायला बरं वाटेल. तुर्सुनचाचा आपल्या मुलखात आले ते घोडे विकायला. घोडे संस्थानात विकले गेले, बरोबरची माणसं परत गेली आणि चाचा त्याच घोड्यांचे मोतद्दार म्हणून राहिले. पुढे चाचींशी निका झाला, इस्लामपुरात घर झालं. सारं गाव त्यांना काबुली म्हणायचं. ते दर वेळी सांगायचे की मी काबुली नव्हे, उझबेक. आपल्या लोकांना ते आडनाव वाटलं. तलाठ्याने तर ‘तुर्सुन उझबेक, जात काबुली’ असं लिहून विषयच मिटवला. दर दसऱ्याला चाचा म्हणायचे, यंदा गावी जाऊन येतो. दसरे गेले, घोडे गेले, संस्थानाचा रुबाब गेला आणि गेल्या उन्हाळ्यात चाचाही गेले. मी फौजेतून सुटून पेशावरच्या ठेकेदाराकडे लॉरी चालवायला लागलो आणि लॉरी लोकर भरायला अफगाणिस्तानच्या पार उत्तर टोकाला, उझबेकांच्या मुलखात जाणार असं कळल्यावर गावी येऊन गेलो, तेव्हा चाचींनी माझ्यापाशी चाचांचा जुना चोगा बांधून दिला आणि म्हणाल्या, “तिथं तेंची भन हाय म्हणत हुते. तिला तोंडानं सांग रं. मानसाचं मरान कागदावर घालून धाडू नगंस.” मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं.

काबूलच्या पलीकडचा घाट उतरलो आणि पहिल्यांदा वाटलं की फिरून कवठे महांकाळलाच आलो. तेच उघडं रान, तीच धूळ, तीच पाण्याची वाट बघणारी माणसं. फरक एवढाच, की इकडची माणसं दिवसाढवळ्या अंगात रजई घालून हिंडतात. (तिला चोगा म्हणतात. उन्हातही घालतात. ऊन आत शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि गप्प बसलो.) बाजारगावी लॉरी लोकरवाल्यांच्या हवाली केली आणि चाचांच्या गावची चौकशी केली. गावाचं नाव तुतलीक, म्हणजे आपण तुतीवाडी म्हणू. वाट दाखवायला आणि दुभाषा म्हणून हाजी एर्गश नावाचे गृहस्थ भेटले. हे हजला जाताना जहाजाची वाट पाहत मुंबईला बरेच महिने पडून होते, त्यामुळे त्यांची हिंदुस्तानी सगळी गोदीतली. दर वाक्यात एक शिवी ही भाषेचा भागच आहे, अशी त्यांची समजूत. बायकामाणसांपुढे मात्र अर्थ आठवून ते शिवी गिळत आणि तिच्याबरोबर पुढचं वाक्यही पोटात जाई. तेव्हा तिकडचं बोलणं मी आपल्या बोलीत लिहितो आहे. शब्द जरा इकडचे तिकडे होतील, माणसं होणार नाहीत.

तुतलीकला पोचलो तेव्हा घसा वाळून लाकूड झाला होता. मातीची घरं, मधून पाण्याचा पाट आणि पाटाकडेने तुतीची झाडं. आयजमाल नावाची म्हातारी दारातच उभी होती. हीच ती बहीण. हाजींनी सांगितलं, हिंदुस्तानातून आलाय, तुर्सुनच्या गावचा. म्हातारीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, माझ्या काखेतल्या गाठोड्याकडे पाहिलं आणि काही न विचारता माझ्या हातात चहाचा पियाला दिला. आणि दादा, मी तो प्यालो.

माझी चूक तुमच्या ध्यानात आलीच असेल. आपल्याकडे मयताचा निरोप नेणारा उंबऱ्याबाहेर उभा राहतो, सांगतो आणि घोटभर पाणीही न घेता मागे फिरतो. तुमच्या घरीही हीच रीत, आमच्या घरीही हीच. त्यात हिंदू-मुसलमान नाही. आता मी त्या घरचा चहा पिऊन बसलो होतो. वर मनात म्हणत होतो, काय कंजूष घर आहे, पियाला अर्धाच भरलाय. (तिकडे मानाच्या पाहुण्याचा पियाला मुद्दाम अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. हे मला चौथ्या पियाल्यानंतर कळलं.) ज्या घरचं तोंडाला लावलं त्या घरात बसून ‘तुमचा माणूस मेला’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि बसवलं ते तरी कुठे? तिकडे मानाची जागा म्हणजे दारापासून सर्वांत लांबची. मला हवा होता उंबरा आणि मी बसलो होतो पार आतल्या भिंतीला टेकून, पुढ्यात खरबुजाच्या फोडी.

शेवटी मी एक तोड काढली. उठावं, गावाच्या शिवेबाहेर जावं, नवा माणूस म्हणून परत यावं, कशालाही तोंड न लावता दारात उभं राहून सांगून टाकावं. मी गाठोडं घेऊन मुकाट्याने चालू लागलो. शिवेवर पोचतो न पोचतो तोच म्हातारीचे दोघे मुलगे धापा टाकत मागून आले. पाहुणा रुसला, अशी त्यांची समजूत. लग्नात जावई रुसतो तेव्हा आपण जसं त्याला दंडाला धरून आणतो, तसं मला आणलं आणि फक्त खरबूज ठेवलं ही आपलीच चूक झाली म्हणून पुलाव शिजवला. तो खाऊन जरा वेळाने मी पुन्हा निघालो. पुन्हा आणलं. या खेपेला मेंढा कापला. तिकडच्या मेंढ्याची शेपटी म्हणजे चरबीची उशी असते आणि मानकऱ्याला पहिला घास त्या चरबीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्यांदा निघालो तेव्हा थोरला मुलगा कसायाची सुरी घेऊन अंगणात आला. त्याच्या कळपाची मला दया आली आणि मी आपला परत भिंतीला जाऊन टेकलो. (या थोरल्याचं नाक थेट तुर्सुनचाचांचं. मामावर भाचे जातातच.)

घरात बसूनच सांगावं असंही ठरवलं. पण मी ‘तुर्सुन’ म्हणालो रे म्हणालो की म्हातारी चटकन आत बघून हाक मारायची आणि ताजी रोटी यायची. तिकडे रोटी आली की आधी तिचा तुकडा मोडायचा. ती उलटी ठेवायची नाही, टाकायची तर नाहीच. मी नाव घ्यायचो, रोटी यायची. मला वाटलं, म्हातारी भोळी आहे, भावाचं नाव ऐकून हरखते आणि खाऊ घालते. माझा जीव तुटायचा, दादा. हिच्या आनंदावर निखारा ठेवायला मी एवढा मुलूख तुडवून आलो काय, असं वाटून त्या रोट्या घशाखाली उतरायच्या नाहीत. (उतरायच्या. पण दुःखाने.)

त्यातच घरात लग्न निघालं. म्हातारीच्या थोरल्याची मुलगी, तिचं. अंगणात कढया चढल्या, डफ वाजायला लागले, नवऱ्या मुलाकडची माणसं घोड्यांवरून आली. मला वऱ्हाडात सर्वांत मानाच्या जागी बसवलं आणि हिंदुस्तानातून पाहुणा आलाय म्हणून जो तो येऊन माझा हात दोन्ही हातांत धरून जात होता. एवढ्या माणसांत पोटात मयत घेऊन बसलेला मी एकटाच, असं मला वाटत होतं. नवरी निघाली तेव्हा सगळ्या बायका रडल्या. म्हातारीही रडली. ती जरा जास्तच रडली, आणि तिला ‘आता पुरे’ म्हणायला कुणी गेलं नाही. नात जाताना आजी रडणारच.

वरात दिसेनाशी झाली. म्हातारीने पाटावर जाऊन हात-तोंड धुतलं, दोन्ही मुलांना जवळ बसवलं, हाजींना बोलावलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, “आता सांग, बाबा.”

मी सांगितलं. दमा कसा वाढला, शेवटच्या दिवसांत ते आपल्याच भाषेत कसे बोलत होते, दफन कुठं झालं, मातीला गावातले कोण कोण आले होते, तुम्ही खांदा दिलात, सगळं. हाजींनी एकही वाक्य न गिळता सरळ तर्जुमा केला. मी चोगा पुढ्यात ठेवला. तिने तो मांडीवर घेतला आणि शांतपणे म्हणाली, “तू दारात आलास तवाच मला कळलं हुतं.” मी विचारलं, कसं? तेव्हा हाजींनी मला समजावलं. त्यांच्याकडे चांगली बातमी आणणारा दारातूनच ‘सुयुंची, सुयुंची’ असं ओरडत येतो, म्हणजे बक्षिसी मागतो. बक्षिसी हातात पडल्याशिवाय बातमी सांगत नाही. मी एवढ्या लांबून आलो, काखेत गाठोडं आणि काही न मागता नुसता उभा राहिलो. त्यात सगळं आलं.

मग एवढे दिवस बोलू का दिलं नाही? ती म्हणाली, “तू बोलला असतास तर लगीन मोडलं असतं. पोरीनं लय वाट बघितलीया. गेलेलं मानूस थांबतंय, आलेलं वऱ्हाड थांबत न्हाई.” म्हणजे भोळं कोण होतं ते तुम्हीच बघा. मी तिला जपत होतो आणि ती साऱ्या घराला जपत होती, वर माझं पोटही भरत होती. मग तिने चोग्यात तोंड घातलं आणि मुलांनी दोन्ही बाजूंनी तिला धरलं. मीही रडलो. रोटी नव्हती, चहा नव्हता, रडायला कसलीच आडकाठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुराण वाचून घेतलं, गावाला जेवण घातलं आणि मग मला सोडलं. चाचींना सांगा, तुमचं काम झालं. तोंडानं सांगितलं, कागदावर नाही. चाचांच्या बहिणीने तुम्हाला दुवा दिली आहे आणि शेवटी त्यांची सेवा केलीत म्हणून तुमचे हात डोळ्यांना लावते, असं म्हणाली आहे. मी मात्र यातून एक शिकलो, दादा. वाईट बातमी असेल तर ती माणसाने पोहोचल्या पावली, स्वतःच्या तोंडाने, आडपडदा न ठेवता सांगून मोकळं व्हावं. याउपर मी तसंच वागणार आहे.

सर्वांस यथायोग्य. मुलांच्या गालांना हात लावा.
आपला धाकटा,
चांदसाहेब

ता. क. हा कागद वेगळी घडी घालून ठेवला आहे. चाची घरी गेल्यावर, एकटे असताना वाचा.

आयजमाल ही चाचांची बहीण नव्हे, बायको आहे. ते दोघे मुलगे चाचांचे. नवरी झालेली ती चाचांची नात. मला हे त्या आतल्या भिंतीपाशी बसल्या बसल्या पहिल्याच दिवशी थोरल्याचं नाक पाहून आणि हाजींना विचारून कळलं होतं, म्हणून जीभ एवढी जड झाली होती. चहा प्यालो वगैरे सगळं खरं आहे, पण तेवढ्याने माणूस तीनदा शिवेकडे निघत नाही.

त्या दिवशी रडणं ओसरून मुलं उठून गेल्यावर म्हातारीने हाजींकरवी मला एकच प्रश्न विचारला. तिकडं त्याचं कुणी हुतं का? मी म्हणालो, कुणी नव्हतं. पागेत घोड्यांबरोबर एकटेच राहायचे. तिने मान हलवली आणि मांडीवरचा चोगा उलटा करून अस्तराकडची बाजू मला दाखवली. चाचींनी एवढ्या वर्षांत त्याला घातलेली ठिगळं तुम्ही पाहिली आहेत, गोधडीसारखे बारीक टाके, एकाला एक लागून. त्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, “घोड्यास्नी सुई धरता येत न्हाई, बाबा.” मुलांना तिने यातलं काही सांगितलं नाही आणि मलाही पुन्हा काही विचारलं नाही.

आणखी एक. निघताना तिने माझ्या सामानात बायकांचा एक रेशमी रुमाल घातला. मी म्हणालो, आमच्या घरी यंदा लग्न नाही, हा कुणासाठी? ती म्हणाली, जिनं टाके घातले तिच्यासाठी. “तिला पोरंबाळं न्हाईत, व्हय? मग म्हातारपणी तिला कोन? हितं दोन लेक हायती. तेंच्या बापाची बायकू ती तेंची आईच. एक खोली रिकामी हाय. ये म्हनावं.”

चाचींना पोर नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं. चोगा द्यायला त्यांचं कुणी आलं नाही, परका मी आलो, यावरून तिने ते ओळखलं असावं.

आता मी परवा इथून निघतो, पण सरळ घरी न येता मिरजेला माझ्या मामाकडे उतरणार आहे. तुमचं उत्तर तिथं टाका. चाची येणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. पण बोलावणं आलेलं आहे आणि ते त्यांना पोचवायला हवं. ते तुम्हीच पोचवा. मला जमणार नाही. फक्त ते नणंदेचं म्हणून सांगायचं की सवतीचं, एवढं तुम्ही ठरवा.